मांडव, दिंडी, इफ्तार आणि मत: धार्मिक तरुणांपर्यंत उमेदवाराने जायचं कसं?

पारावरचा
निवडणुकीच्या गप्पांत ‘तरुण’ आणि ‘धार्मिक’ हे दोन वेगळे कप्पे धरले जातात. तरुण म्हणजे नोकरी नि मोबाइल, धार्मिक म्हणजे आजी नि जपमाळ. प्रत्यक्षात मांडवाचे बांबू रोवणारे, हंडीचे थर लावणारे, दिंडीत पखवाज गळ्यात अडकवून चालणारे, इफ्तारची पंगत वाढणारे, चर्चच्या युवक गटात गाणारे, हे बहुतेक १८ ते ३० मधलेच. उमेदवार यांच्यापर्यंत दोनच वाटांनी जातो: एक तर वर्गणी देतो, नाही तर आरतीला येऊन नारळ फोडून फोटो काढतो. माझं मत: पहिली वाट निवडणुकीच्या काळात बेकायदा आहे आणि दुसरी बिनकामाची.

प्रश्न असा, की विधानसभेच्या उमेदवाराने कायद्यात राहून या मुलांपर्यंत जायचं तर नेमकं काय करता येतं, कधी करता येतं आणि खर्चाच्या वहीत काय चढतं? पक्ष कुठलाही धरा. पक्षांची धुणी कृपया दुसऱ्या धाग्यावर धुवा.

फणसाचा गरा
नारळ फोडणं बिनकामाचं कसं? खोबरं मिळतं की.

कलमकसाई
आधी ‘कधी’चं बघू, कारण निम्मे घोळ तिथेच होतात. ‘आचारसंहिता लागली’ या एका वाक्यात लोक तीन वेगळी घड्याळं कोंबतात.

पहिलं घड्याळ आयोगाने कार्यक्रम जाहीर केला की सुरू होतं. ती आचारसंहिता. मंदिर, मशीद, चर्च किंवा कुठलंही प्रार्थनास्थळ प्रचारासाठी वापरायचं नाही, जातीय-धार्मिक भावनांना हात घालून मत मागायचं नाही, हे तिच्यात स्पष्ट लिहिलं आहे.

दुसरं घड्याळ अर्ज भरल्यापासूनचं. लोकप्रतिनिधित्व कायदा १९५१, कलम ७७ प्रमाणे खर्चाचा हिशेब अर्ज भरल्याच्या दिवसापासून निकालाच्या दिवसापर्यंत, दोन्ही दिवस धरून. कलम १२३ मधली ‘भ्रष्ट आचरणं’ (ज्यांपायी निवडणूक रद्द होऊ शकते) सुद्धा इथूनच लागू, कारण कलम ७९(ख) नुसार उमेदवार म्हणजे रीतसर नामनिर्देशन झालेला माणूस. अर्जाआधीच्या भाषणावर निवडणूक याचिका उभी राहत नाही.

तिसरं घड्याळ मतदान संपण्याच्या आधीच्या ४८ तासांचं, कलम १२६.

२०२४ च्या विधानसभेला ताडून बघा. घोषणा १५ ऑक्टोबर, अर्ज २२ ते २९ ऑक्टोबर, माघार ४ नोव्हेंबरपर्यंत, मतदान २० ला, मोजणी २३ ला. गणेशोत्सव ७ ते १७ सप्टेंबर, म्हणजे तिन्ही घड्याळांच्या आधी. नवरात्र ३ ऑक्टोबरपासून, तेही आधी. दिवाळी अर्जांच्या धामधुमीत. कार्तिकी एकादशी १२ नोव्हेंबर, म्हणजे ऐन प्रचारात. म्हणून त्या वर्षी विठ्ठलाची शासकीय महापूजा मंत्र्याऐवजी विभागीय आयुक्तांनी केली.

साधा मतदार
म्हणजे गणपतीत उधळा, ऑक्टोबरात शहाणे व्हा?

कलमकसाई
हिशेबापुरतं, हो. पण धर्माच्या नावाने तेढ लावली तर भारतीय न्याय संहितेचं कलम १९६ बाराही महिने जागं असतं. निवडणुकीच्या संदर्भात तेच केलं तर वर लोकप्रतिनिधित्व कायद्याचं कलम १२५, शिक्षा ३ वर्षांपर्यंत. अर्जाआधी मोकळं रान आहे असं कुणी उमेदवाराला सांगत असेल तर तो त्याचा हितचिंतक नाही.

खर्चाची वही
मंडळांच्या बाबतीत उमेदवार देवामुळे फार क्वचित अडकतो, वहीमुळे नेहमी अडकतो. विधानसभेची मर्यादा ₹४० लाख (लोकसभेची ₹९५ लाख, दोन्ही २०२२ पासून). अर्ज भरण्याच्या किमान एक दिवस आधी स्वतंत्र बँक खातं उघडायचं आणि सगळा खर्च तिथूनच करायचा. एका व्यक्तीला किंवा संस्थेला संपूर्ण निवडणुकीत रोखीने ₹१०,००० च्या वर देता येत नाहीत. प्रचाराच्या काळात वही किमान तीनदा तपासली जाते, आणि निवडणूक कार्यालय आपली समांतर नोंदवही ठेवतं. दोन्हींत फरक पडला की नोटीस. निकालानंतर ३० दिवसांत पूर्ण हिशेब दिला नाही तर कलम १०(क) खाली ३ वर्षं अपात्र ठरवता येतं.

आता या धाग्याच्या कामाचं.

टी-शर्ट: टोपी, उपरणं, मुखवटा अशा वरच्या वस्तू कार्यकर्त्यांना देता येतात, खर्चात दाखवून. शर्ट, टी-शर्ट, साडी, धोतर असे मुख्य कपडे वाटायला परवानगीच नाही, ते मतदाराला आमिष धरलं जाऊ शकतं. मंडळाच्या पोरांना किंवा दिंडीला छापील टी-शर्ट वाटण्याची हौस असते तिला इथेच कात्री लागते. चिन्ह छापलेला रेनकोट हा ‘कपडा नाही, सुरक्षा साधन’ आहे हा युक्तिवाद खर्च निरीक्षकापुढे करून बघायला हरकत नाही. करमणूक होईल.

पंगत: महाप्रसाद, लंगर, भंडारा हे धार्मिक संस्थेने आपल्या रिवाजाप्रमाणे घातलं, उमेदवार चारचौघांसारखा येऊन जेवून गेला, एक रुपया दिला नाही, प्रचार केला नाही, तर खर्च त्याच्या वहीत येत नाही. त्याने शिधा दिला, आचारी दिला किंवा माइक हातात घेऊन चिन्ह सांगितलं, तर सगळी पंगत त्याच्या नावावर.

वर्गणी: अर्ज भरल्यानंतर मंडळाला दिलेली रक्कम ही देणगी म्हणून कुणी बघत नाही. कलम १२३(१) म्हणजे लाच.

मृदंगमणी
एक राहिलं. ‘आरती संग्रह’. दर निवडणुकीला कुणीतरी छापतोच: मुखपृष्ठावर गणपती, मलपृष्ठावर उमेदवार हात जोडून.

खर्चाची वही
एका पुस्तिकेत किती कलमं मावतात याचं ते उत्तम प्रात्यक्षिक आहे. मुद्रक-प्रकाशकाचं नाव-पत्ता नसेल तर १२७(क). फुकट वाटली तर भेटवस्तू. देवाचं चित्र मतासाठी वापरलं तर १२३(३) (धर्म, जात, भाषा अशा नात्याने मत मागायला बंदी) मधलं ‘धार्मिक चिन्हाचा वापर’. शिवाय छपाईचा खर्च. पाच हजार प्रती, दर समजा ₹१२ धरला तर साठ हजार रुपये वहीत. आणि दर जिल्हा निवडणूक अधिकाऱ्याच्या दरपत्रकाचा लागतो, छापखानेवाल्या मेहुण्याने लावलेला नाही.

फणसाचा गरा
मेहुण्याने फुकट छापली तर?

खर्चाची वही
तर बाजारभावाने ‘वस्तुरूपात मिळालेली मदत’ म्हणून चढते. मेहुणा उमेदवाराला न विचारता खर्च करत असेल तर न्याय संहितेच्या कलम १७६ खाली मेहुण्यावरच गुन्हा. ‘आमचे लाडके भाऊ’ म्हणून मंडळं परस्पर फलक लावतात त्यांनाही हेच लागू.

गल्ली नं. ७
इतकं घाबरवू नका राव. हिंदुत्वाच्या नावाने मत मागायला सुप्रीम कोर्टाचीच मुभा आहे, १९९५ चा निकाल आहे.

कलमकसाई
तो निकाल अर्धाच वाचला जातो. रमेश प्रभू विरुद्ध प्रभाकर कुंटे, ११ डिसेंबर १९९५. विलेपार्ल्याची १९८७ ची पोटनिवडणूक. न्या. जे. एस. वर्मांच्या खंडपीठाने म्हटलं की ‘हिंदुत्व’ शब्द उच्चारला म्हणजे आपोआप धर्माच्या नावाने आवाहन ठरत नाही, संदर्भ बघावा लागतो. पण त्याच निकालात संदर्भ बघून प्रभूंची निवडणूक रद्दच ठेवली. त्याच भाषणांपायी बाळासाहेब ठाकऱ्यांचा मताधिकार पुढे सहा वर्षं काढून घेतला गेला. ते उमेदवार नव्हते, तरी. म्हणजे स्टेजवरचा वक्ताही सुटत नाही.

मनोहर जोशींच्या खटल्यात उलटं झालं. ‘पहिलं हिंदू राज्य महाराष्ट्रात’ हे वाक्य कोर्टाने निव्वळ आशा मानलं, मत मागणं नाही. निवडणूक टिकली. एकाच दिवशीचे हे दोन निकाल शेजारी ठेवून वाचावेत.

२ जानेवारी २०१७ ला अभिराम सिंह विरुद्ध सी. डी. कॉमाचेन खटल्यात सात न्यायमूर्तींनी ४ विरुद्ध ३ असं ठरवलं, की १२३(३) मधल्या ‘त्याचा धर्म’ या शब्दांत उमेदवार, त्याचा प्रतिनिधी, विरोधी उमेदवार आणि मतदार असा सगळ्यांचा धर्म येतो. त्याआधी वाद होता की फक्त उमेदवाराचा धर्म धरायचा का. तरुणांकडे जाणाऱ्याला हा निकाल थेट लागतो. ‘मी तुमच्या धर्माचा नाही, पण तुम्ही अमुक धर्माचे म्हणून मला मत द्या’ हेसुद्धा आता चालत नाही.

चष्मा विसरलेला
अल्पमतातले तीन न्यायमूर्ती काय म्हणाले तेही लिहा की. न्या. चंद्रचूड, गोयल आणि लळित. धर्म-जातीमुळे वाट्याला येणारा अन्याय मांडणं हा लोकशाहीचाच भाग आहे, मतदाराची ओळख पुसून निवडणूक होत नाही, असा त्यांचा रोख होता. मला ते पटतं. मुलगा वारकरी आहे हे त्याच्यापासून कसं वेगळं काढणार?

कलमकसाई
पटण्याबद्दल तक्रार नाही, बंधनकारक बहुमत आहे. आणि बहुमतानेही धार्मिक समूहाच्या प्रश्नांवर बोलायला बंदी घातलेली नाही. प्रश्न सोडवतो म्हणून मत मागा. धर्माच्या नात्याने मागू नका.

मृदंगमणी
खरी मेख इथे आहे. उमेदवार आरतीला येतो, ‘गणपती बाप्पा मोरया’ म्हणतो, जातो. मुलांचे प्रश्न कोरडेच राहतात. आणि ते प्रश्न बव्हंशी नागरी असतात, देवाधर्माचे नसतात.

मंडळवाल्या मुलाला काय हवं असतं? मांडवाची परवानगी, वाहतूक पोलिसांचं ना-हरकत, अग्निशमन, वीजजोडणी असे चार उंबरठे एका खिडकीवर यावेत. वर्गणी गोळा करायला सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याच्या कलम ४१(ग) खाली धर्मादाय कार्यालयाची परवानगी लागते हे निम्म्या नव्या खजिनदारांना माहीत नसतं. त्याची साधी कार्यशाळा जुलैमध्ये ठेवली तर दहा बॅनरचं काम होतं.

दुसरा लाडका प्रश्न आवाजाचा. ध्वनिप्रदूषण नियम २००० प्रमाणे रात्री १० ते सकाळी ६ ध्वनिक्षेपक बंद. राज्य सरकारला वर्षात जास्तीत जास्त १५ दिवस रात्री १२ पर्यंत सवलत देता येते. आमदार होऊ पाहणारा माणूस ‘निवडून आलो की रात्रभर वाजवा’ म्हणत असेल तर तो थाप मारतोय. त्या १५ दिवसांत आपल्या भागातला कुठला सण बसवायचा यासाठी पाठपुरावा करेन, हे मात्र तो खरोखर करू शकतो.

गोविंदा पथकांचं आणखी वेगळं. २०२२ मध्ये दहीहंडीला साहसी खेळाचा दर्जा मिळाला, १४ वर्षांखालच्या मुलाला थरांत घेता येत नाही. पथकातल्या मुलाला विमा, गादी, सरावाला मैदान आणि जवळ हाडांचा डॉक्टर हवा असतो. लाखोंच्या बक्षिसाची पाटी सगळ्यांना दिसते. सातव्या थरावरून पडलेल्याचा दवाखान्याचा खर्च कुणालाच दिसत नाही.

पारावरचा
आणि दिंडीतली मुलं?

मृदंगमणी
त्यांच्याकडे जाताना ‘वारकरी मतपेढी’ हा शब्द डोक्यातून काढावा. दिंडीला नंबर असतो, विणेकरी असतो, चालायची शिस्त असते, आणि राजकारणाच्या गप्पा तिथे विसाव्यालाही फारशा रुचत नाहीत. फडाचे (दिंड्यांच्या परंपरागत गटाचे) प्रमुख सांगतील तसं गाव मत देतं हा समज तरुणांच्या बाबतीत तर फारच ढोबळ. मुलांचे प्रश्न विचाराल तर: मुक्कामी शौचालयं, मुलींना आंघोळीला आडोसा, पाण्याचे टँकर, फोन चार्जिंग, आणि वारीच्या दिवसांत कॉलेजची परीक्षा किंवा प्रवेशफेरी न येणं. शेवटचं कुणी बोलतच नाही, पण विद्यापीठाकडे पाठपुरावा करायला आमदारकी उपयोगी पडते.

उलट ‘पालखी मार्ग मी करून देतो’ हे विधानसभेच्या उमेदवाराने म्हणू नये. आळंदी-पंढरपूर हा राष्ट्रीय महामार्ग ९६५, तुकोबांच्या पालखीचा ९६५जी. दोन्ही केंद्राच्या खात्यात. पोरं फोनवर एका मिनिटात शोधतात.

बाभळीचा डिंक
धागा सुंदर, पण फार हिंदू झाला. धार्मिक तरुण म्हणजे फक्त टिळा नव्हे. मुस्लिम मोहल्ल्यात उमेदवार एक इफ्तार करतो आणि समजतो झालं. लोकसभा २०२४ ला आचारसंहिता १६ मार्चला लागली तेव्हा रमजान चालू होता. सरकारी पैशाने इफ्तार द्यायला बंदी असते. व्यक्तीने स्वतःच्या घरी, स्वतःच्या खर्चाने दिली तर मुभा आहे. लोक ‘स्वतःच्या घरी’ हे शब्द गाळून हॉल घेतात आणि फसतात.

जुम्याच्या नमाजनंतर मशिदीच्या पायरीवर पत्रकं वाटणं हा दुसरा हमखास घोळ. पायरी हीसुद्धा प्रार्थनास्थळाचीच जागा. चौकात थांबा. आणि तिथल्या विशीतल्या मुलाला विचारा: शिष्यवृत्तीचा अर्ज अडकलाय, पासपोर्टची पोलीस पडताळणी रखडलीय, वस्तीत अभ्यासिका नाही. यात दाढी-टोपीचा संबंध कुठे आला?

पत्रक उर्दूत काढलं म्हणून १२३(३) लागत नाही, ती फक्त वाचणाऱ्याची सोय. ‘उर्दूवाला म्हणून मत द्या’ असं छापलं तर लागेल.

वसईचा वारा
चर्चचंही सांगतो. पॅरिशचा युवक गट संघटित असतो, रविवारच्या मिस्साला सगळे एकत्र सापडतात, त्यामुळे उमेदवाराला मोह होतो की फादरनी प्रवचनाच्या शेवटी दोन शब्द बोलावेत. इथे आचारसंहितेपेक्षा वेगळा कायदा आडवा येतो: धार्मिक संस्था (दुरुपयोग प्रतिबंध) कायदा, १९८८. संस्थेची जागा राजकीय कामासाठी वापरू देणं आणि संस्थेच्या छत्राखालच्या उत्सवात, मिरवणुकीत, सभेत राजकारण होऊ देणं गुन्हा आहे. शिक्षा ५ वर्षांपर्यंत आणि दंड १०,००० रुपयांपर्यंत. गंमत म्हणजे पहिला बोजा उमेदवारावर नाही, तर संस्थेच्या व्यवस्थापकावर, म्हणजे विश्वस्त, फादर, मुतवल्ली, मंदिराचे पंच यांच्यावर. उमेदवार दोन मिनिटं बोलून जातो आणि गोत्यात येतात ते बिचारे.

हा कायदा निवडणूक असो-नसो, कायम लागू.

गल्ली नं. ७
मग मांडव? तो तर रस्त्यावर असतो. मंडळ सांस्कृतिक असतं, धार्मिक संस्था कुठे?

वसईचा वारा
व्याख्येत सार्वजनिक पूजेसाठी वापरली जाणारी कुठलीही जागा येते. दहा दिवस मूर्ती बसवून आरती चालते ती जागा त्यात बसते असं माझं वाचन.

चष्मा विसरलेला
माझं नाही. मंडळ बारा महिन्यांचं, रक्तदान-व्याख्यानमालेवालं. मूर्ती उठल्यावर तोच कोपरा चहाची टपरी असतो. मूर्ती असताना मांडवात भाषण नको, हे मान्य. पण मंडळाच्या खोलीत एरवी बैठक घेतली म्हणून हा कायदा लावणं ओढूनताणून.

वसईचा वारा
मूर्ती असताना नको यावर एकमत झालं, तेवढं पुरे. बाकी टपरीवाल्याला विचारू.

कोंडाण्याचा कावळा
कुणीच बेलभंडाऱ्याचं काढलं नाही अजून! गावाकडे शेवटच्या दोन रात्रीत तरुण पोरांना देवळात नेऊन बेलभंडारा उचलायला लावतात, नाही तर गंगाजळी (गंगेच्या पाण्याचा गडू) हातात देतात. ‘शब्द फिरवलास तर देव बघेल.’

कलमकसाई
याला कायद्यात स्वतंत्र जागा आहे. कलम १२३(२), गैरवाजवी दडपण: मत दिलं नाही तर दैवी कोप किंवा आध्यात्मिक बहिष्कार ओढवेल असा समज करून देणं. बेलभंडारा असो, कुराण असो की क्रूस. न्याय संहितेत हाच निवडणूक गुन्हा कलम १७१. शपथ घालणारा उमेदवाराच्या संमतीने ते करत होता हे सिद्ध झालं तर निवडून आलेलाही घरी जातो. ज्या मुलाने घाबरून शपथ घेतली त्याला एवढंच सांगायचं, की ईव्हीएमवरचं बटण गुप्त आहे आणि अशा शपथेचं कायद्याला काही सोयरसुतक नाही.

साधा मतदार
सिद्ध करणार कसं? पुरावा काय, देवाची साक्ष?

कलमकसाई
चालू असतानाच निवडणूक आयोगाच्या सी-व्हिजिल ॲपवर फोटो किंवा व्हिडिओ टाकायचा, ठिकाण आपोआप जातं, १०० मिनिटांत कारवाईचं बंधन. ते आचारसंहितेपुरतं. निवडणूक रद्द करायची तर निकालापासून ४५ दिवसांत उच्च न्यायालयात याचिका, आणि तिथे मोबाइलच्या रेकॉर्डिंगसोबत इलेक्ट्रॉनिक पुराव्याचं प्रमाणपत्र. पूर्वी ते जुन्या पुरावा कायद्याचं कलम ६५ब होतं, आता भारतीय साक्ष अधिनियमाचं कलम ६३. हा नियम कडक केला तो २०१४ चा अन्वर विरुद्ध बशीर निकालही निवडणुकीचाच होता. केरळातली प्रचाराची गाणी-घोषणांच्या सीडी, आणि प्रमाणपत्र नाही म्हणून सगळ्या बाद. २०२० ला त्यावर शिक्कामोर्तब झालं ते आपल्या जालन्याच्या खोतकर-गोरंट्याल खटल्यात. पोरं व्हिडिओ काढतात, मग तो चार ग्रुपांतून फिरून येतो, मूळ फोन विकलेला असतो. मूळ फोन जपा.

टिचभर
मोबाइलवरून आठवलं, रील्सचं काय? आजकाल आरतीपेक्षा रील जास्त वाजते.

खर्चाची वही
स्वतःच्या खात्यावर टाकलेल्या पोस्टला पूर्वप्रमाणन लागत नाही. पैसे देऊन पुढे ढकललेल्या जाहिरातीला, घाऊक एसएमएसला, रेकॉर्डेड कॉलला माध्यम प्रमाणन समितीची परवानगी लागते. उमेदवाराने किमान ३ दिवस आधी अर्ज करायचा, सोबत जाहिरातीचा लिखित मजकूर आणि तिच्या दोन प्रती. सगळी समाजमाध्यम खाती शपथपत्रात (नमुना २६) लिहावी लागतात. रील बनवणाऱ्या पोराचं मानधन, नेटचा खर्च, सगळं वहीत. ‘तो हौसेने करतो’ हे उत्तर मेहुण्याच्या छापखान्यासारखंच.

आणि कीर्तनाची क्लिप कापून खाली चिन्ह चिकटवू नये. कीर्तनकाराची परवानगी नसते, आवाजावर हक्क दुसऱ्याचा असतो, आणि वर १२३(३).

मृदंगमणी
ढोल-ताशा, लेझीम पथकांत १५-१६ ची मुलं भरपूर असतात. आयोगाने फेब्रुवारी २०२४ मध्ये पुन्हा बजावलं: प्रचारात लहान मुलं कुठल्याही रूपात नकोत, ना फेरीत, ना घोषणांत, ना पत्रकं वाटायला. पथक बोलवायचं तर वयाची यादी आधी मागा.

टिचभर
म्हणजे अर्धं पथक घरी बसलं. उरले दोन ताशे नि एक झांज.

पारावरचा
धागा भलताच रंगला, पण मूळ प्रश्न बाकी आहे. काय करू नये हे कळलं. करायचं काय? एकच सांगा.

बाभळीचा डिंक
एकच सांगायचं तर मतदार नोंदणी. १९८९ पासून वय १८ आहे, पण यादीत नाव नसेल तर १८ झाल्याचा उपयोग शून्य. आता वर्षात चार अर्हता तारखा (ज्या दिवशी १८ पूर्ण हवीत) आहेत: १ जानेवारी, १ एप्रिल, १ जुलै, १ ऑक्टोबर. १७ पूर्ण झालेला आगाऊ अर्ज करू शकतो. नवीन नाव नमुना ६, पत्ता बदल किंवा दुरुस्ती नमुना ८. मंडळ, पथक, युवक गट यांच्याकडे सभासदांची वयं असतातच. त्यांना सांगून यादीशी ताडायचं. प्रार्थनास्थळाबाहेर, मंडळाच्या खोलीत, कॉलेजात. चिन्ह नको, फोटो नको. हे काम घोषणेच्या खूप आधी, कारण उमेदवारी अर्जाच्या शेवटच्या दिवसाआधी साधारण १० दिवसांपर्यंत आलेलेच नोंदणी अर्ज त्या निवडणुकीला धरले जातात. २०२४ ला तो दिवस १९ ऑक्टोबर होता, म्हणजे घोषणा झाल्यावर चारच दिवस हातात होते.

कोंडाण्याचा कावळा
आळंदीत वारकरी शिक्षण घेणारी, मदरशात राहणारी, वेदपाठशाळेतली मुलं? नाव गावाला, मुक्काम इथे.

बाभळीचा डिंक
चांगला मुद्दा. वसतिगृहातल्या विद्यार्थ्याला निवड असते: गावचा पत्ता ठेवा किंवा शिकतो तिथला घ्या. दोन्ही ठिकाणी मात्र नाही. मान्यताप्राप्त संस्थेचा किमान वर्षाचा नियमित अभ्यासक्रम असेल तर प्रमुखाचं प्रमाणपत्र जोडून भागतं. खासगी धर्मशाळेत किंवा फडावर राहून शिकणाऱ्याचं तसं होत नाही. त्याला ‘सामान्यतः इथेच राहतो’ हे दाखवावं लागतं आणि बीएलओ (मतदान केंद्रस्तरीय अधिकारी) येऊन खात्री करतो. चुकतं ते इथे: कुणीतरी उत्साही कार्यकर्ता एकाच खोलीच्या पत्त्यावर चाळीस अर्ज भरतो, पडताळणीच्या दिवशी मुलं दिंडीत असतात, आणि सगळे अर्ज एकदम फेटाळले जातात. बीएलओला आधी फोन करून दिवस ठरवा. खोटा पत्ता दिला तर १९५० च्या कायद्याच्या कलम ३१ खाली वर्षभरापर्यंत शिक्षा मुलाला, कार्यकर्त्याला नाही.

चष्मा विसरलेला
यात उमेदवाराला काय मिळालं? पोरगा नाव नोंदवून दुसऱ्यालाच मत देईल.

बाभळीचा डिंक
देईल की. पण ज्याने अर्जाचा क्रमांक लिहून दिला, नाव यादीत आल्यावर फोन केला, त्याला पुढच्या वेळी मंडळाच्या खोलीत खुर्ची मिळते. बॅनरवाल्याला सतरंजी.

मृदंगमणी
आणि खुर्ची मिळाली की बोलायचं कमी. पहिल्या बैठकीला माइक नको, दहा-बारा मुलं, तासभर, वहीत प्रश्न लिहून घ्यायचे. महिन्याभरात त्यातला एक तरी हातावेगळा करून परत जायचं: बंद पडलेला पथदिवा, विसर्जन घाटावरची फुटकी पायरी, काहीही. हे गणेशोत्सवाच्या आधी एक-दोन फेऱ्यांत झालं, तर अर्ज भरल्यावर देवाचं नाव घ्यायची वेळच येत नाही.

गल्ली नं. ७
मान्य. पण विसर्जनाच्या दिवशी स्वागतकक्ष? प्रत्येक मंडळाच्या अध्यक्षाला नारळ-शाल देतात तो?

खर्चाची वही
घोषणेआधी उमेदवाराच्या निवडणूक वहीत येत नाही. पालिकेची जागेची परवानगी मात्र लागते. विनापरवाना फलक-कमान असेल तर मालमत्ता विद्रूपीकरण कायदा १९९५. घोषणेनंतर नारळ-शाल द्यायची नाही, कुणालाच.

फणसाचा गरा
आणि मंडळाने उमेदवाराला दिला तर?

खर्चाची वही
प्रसादाचा नारळ घ्यावा. तिथेच फोडावा. खोबरं वाटून खावं. फोटो नको.

फणसाचा गरा
मी पहिल्याच प्रतिसादात हेच म्हणत होतो.